दाह आणि हृदयविकार: दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

सावंतवाडीच्या काकांचा रक्ताचा रिपोर्ट गेल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर आला. कोलेस्टेरॉल ठीक, पण शेवटच्या ओळीत ‘एचएस-सीआरपी ३.८’ (शरीरातला दाह, म्हणजे आतली सूज, इन्फ्लमेशन मोजणारी तपासणी) आणि पुढे लाल बाण. “ह्यां काय आणि नवीन?” काकांनी विचारलं.

नवीन नाहीच. रुडॉल्फ विर्खो या जर्मन डॉक्टरांनी १८५६ मध्येच मांडलं होतं की धमनीच्या भिंतीत साचतो तो नुसता गाळ नव्हे, तिथे दाह चालू असतो. व्हिएन्नाचे रोकितान्स्की म्हणायचे, आधी थर साचतो, दाह मागाहून. हा वाद मिटला नाही, मागे पडला. १९१३ मध्ये रशियात अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून तसाच रोग घडवून दाखवला. १९४८ पासून अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात ५,२०९ माणसांच्या तपासण्या सुरू झाल्या, आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांना ‘जोखीम घटक’ हे नाव मिळालं. जे मोजता आलं, त्याच्यामागे सगळे लागले.

दाह मोजायचं साधनही तसं १९३० पासून होतं. टिलेट आणि फ्रान्सिस या संशोधकांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक प्रथिन सापडलं, तेच सीआरपी. हृदयाशी त्याचं नातं ठसठशीत दिसायला मात्र १९९७ उजाडलं. पॉल रिडकर या अमेरिकन संशोधकांनी धडधाकट पुरुष डॉक्टरांचं साठवून ठेवलेलं रक्त तपासलं. ज्यांचं सीआरपी सर्वांत जास्त, त्यांना पुढे हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका जवळपास तिप्पट निघाला. सीआरपी स्वतः रोग घडवत नाही, ती खूण आहे, हे पुढे जनुकीय अभ्यासांतून कळलं.

खरी परीक्षा २०१७ मध्ये झाली. झटका येऊन गेलेल्या सुमारे १०,००० रुग्णांत कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनने कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह कमी केला, आणि मधल्या डोसला पुढचे झटके, पक्षाघात व हृदयविकाराचे मृत्यू मिळून १५ टक्के घटले. पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. मग लक्ष गेलं गाऊटच्या (सांधे सुजून दुखण्याच्या आजाराच्या) जुन्या, स्वस्त गोळीकडे, कोल्चिसिनकडे. २०१९ च्या चाचणीत तिचा फायदा दिसला; २०२४ च्या मोठ्या चाचणीत दिसला नाही.

हे कोल्चिसिन आपल्या कुंपणावरच्या कळलावीत असतं. गणपतीच्या दिवसांत लाल-पिवळी फुलते, गौरीचे हात म्हणतात तीच. म्हणून कळकळीने सांगते: तिचा कंद उगाळून किंवा काढा करून कोणीही घेऊ नये. तो जीव घेतो.

काकांची दाढ त्या दिवशी सुजलेली होती, आणि दाढ सुजली, सर्दी-ताप आला तरी सीआरपी चढतं. दोन आठवड्यांनी परत तपासायचं ठरलंय. २००४ साली ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका इतरांपेक्षा लवकर येतो असं दिसलं, आणि चघळायच्या तंबाखूनेही धोका वाढतो हे त्याच अभ्यासातून पुढे आलं. काकांच्या खिशात ती पुडी अजून आहे. लाल बाणापेक्षा मला तिचीच काळजी जास्त वाटते.