थॉर्न
थॉर्न : जुन्या व मध्य इंग्रजीतील एक अक्षर. आज टी-एच या जोडीने लिहिला जाणारा, जिभेचे टोक दातांशी ठेवून काढायचा घर्षक ध्वनी त्याने दाखवत. मराठी थ आणि द हे स्पर्श वर्ण असल्याने त्याच्या जवळ जातात, पण तंतोतंत जुळत नाहीत. ‘द’ या इंग्रजी उपपदाचे वाय-ई असे जुने लेखन याच अक्षरातून आले आहे.

उभा दांडा आणि त्याच्या उजव्या अंगाला मधोमध पोट, असे त्याचे रूप. दांडा पोटाच्या वरही जातो आणि खालीही उतरतो. छोट्या रोमन पी-चा दांडा फक्त खाली आणि बी-चा फक्त वर असतो. थॉर्न ओळखण्याची ही पहिली खूण. हस्तलिखितांत त्याची गल्लत विन या दुसऱ्या रूनिक (जुन्या जर्मानिक लोकांच्या लिपीतून आलेल्या) अक्षराशीही होते. विनचा दांडा पोटाच्या वर जात नाही. थॉर्नच्या वरच्या दांड्याला आडवी रेघ मारली असेल, तर ते ‘दॅट’ या शब्दाच्या जुन्या रूपाचे संक्षिप्त लेखन समजावे.

रोमन लिपीत ते रूनिक लिपीतून आले, याविषयी मतभेद नाही. त्या लिपीच्या क्रमात ते तिसरे. मूळ रूनचा (त्या लिपीतील अक्षराचा) उगम मात्र वादग्रस्त आहे. काही अभ्यासक ग्रीक अक्षरांकडे तर काही उत्तर इटलीतील लिप्यांकडे बोट दाखवतात. आकाराचा विचार करता लॅटिन डी-वरून ते घडले असावे, हे मत अधिक पटणारे आहे. नावाचाही असाच गुंता आहे. इंग्लंडमध्ये थॉर्न म्हणजे काटा. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातील, परंपरेत याच रूनचे नाव थुर्स, म्हणजे राक्षस. गॉथिक या लुप्त जर्मानिक भाषेतील वर्णनामांत त्याच्या जागी थ्यूथ, म्हणजे चांगले, असे नाव आढळते. नॉर्स नाव मूळचे असावे आणि इंग्लंडमध्ये ते बदलले असावे, असे बहुधा मानतात. बदलाचे कारण म्हणून ख्रिस्ती संकोच सांगितला जातो. तो तर्क आहे.

सर्वांत जुन्या इंग्रजी लेखनात या ध्वनीसाठी टी-एच किंवा डी दिसतात. थॉर्न साधारण आठव्या शतकापासून रुळले. त्याच्या जोडीला एथ, म्हणजे आडवी रेघ मारलेला डी, होता. घोष (‘द’सारख्या) ध्वनीसाठी एक आणि अघोषासाठी (‘थ’सारख्या) दुसरे, अशी वाटणी जुन्या इंग्रजीत नव्हती. एकच लेखनिक एकच शब्द दोन्ही अक्षरांनी लिही. एथ सुमारे १३०० पर्यंत मागे पडले. थॉर्न टिकले, पण टी-एच पुन्हा वाढत गेल्याने त्याची जागा आक्रसली आणि शेवटी ते मुख्यतः ‘द’, ‘दॅट’ अशा छोट्या शब्दांपुरते उरले.

वाय-शी गल्लत कशी झाली? लिहिण्याच्या वेगात थॉर्नचे पोट वरून उघडे पडू लागले आणि उत्तर इंग्लंडच्या हस्ताक्षरांत ते वाय-सारखेच दिसू लागले. भाषाभ्यासक मायकल बेन्स्किन यांनी १९८२ मध्ये या बदलाचा प्रदेशवार मागोवा घेतला. काही लेखनिक वाय-वर टिंब देऊन फरक राखत. मोडी वाचणाऱ्यांना अशा सारख्या वळणांचा त्रास चांगलाच परिचित असेल. इंग्लंडचे पहिले मुद्रक विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, तेव्हा युरोप खंडातील वळणाच्या खिळ्यांत थॉर्न नव्हते, म्हणून वाय वापरला, असे सर्रास सांगतात. छपाईने ही रीत पक्की केली हे खरे. पण गल्लत हस्तलिखितांत आधीच झालेली होती, त्यामुळे सगळे श्रेय वा दोष खिळ्यांना देणे योग्य नाही.

छापील मजकुरात वाय-च्या माथ्यावर बारीक ई म्हणजे ‘द’ आणि बारीक टी म्हणजे ‘दॅट’. ओळीत जागा कमी पडली की जुळारी ही रूपे बसवत. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘द’चे असे रूप जॉन १५:१ येथे, तर ‘दॅट’चे २ करिंथ १३:७ येथे दिसते. नक्कल करताना बारीक अक्षर ओळीत उतरवले की घोळ होतो, कारण वाय-ई हाच ‘तुम्ही’ या अर्थाच्या जुन्या सर्वनामाचाही वर्णक्रम आहे. माथ्यावरची ई दिसली, तर ‘द’ वाचावे. ती ओळीत असेल, तर पुढे काय येते ते पाहावे : नाम किंवा विशेषण असेल तर बहुधा उपपद, क्रियापद असेल तर बहुधा सर्वनाम. उपपदाचा उच्चार ‘यी’ असा कधीच नव्हता. दुकानांच्या आणि खानावळींच्या पाट्यांवरील ‘यी ओल्ड’ ही नंतरच्या काळातील हौस आहे. मराठीत ते नाव ‘द ओल्ड’ असेच लिहावे.

स्कॉटलंडमध्ये योग या झेडसारख्या दिसणाऱ्या जुन्या अक्षराचेही असेच झाले. त्याच्या जागी झेड छापला गेला, म्हणून मेन्झीस या आडनावाचा पारंपरिक उच्चार मिंगिस होतो.

आइसलँडिक भाषेत थॉर्न आजही वापरात आहे. तेथे ते मुख्यतः शब्दारंभी येते, इतरत्र एथ. युनिकोडमध्ये मोठ्या थॉर्नचा दशमान क्रमांक २२२ आणि छोट्याचा २५४. विंडोजवर ऑल्ट कळ दाबून धरून अंकपट्टीवर ०२२२ किंवा ०२५४ टंकल्यास ते उमटते. जुन्या ग्रंथांच्या यंत्रवाचनात (ओसीआर) मात्र ते अनेकदा पी किंवा बी म्हणून उतरते. तपासताना दांड्याची दोन्ही टोके पाहावीत.