कॅन्सरच्या ऑपरेशननंतर वारंवार शौचाला का लागतं?

गुदाशयाचा कॅन्सर काढला, रिपोर्ट चांगले आले, स्टोमाची (मल बाहेर यावा म्हणून पोटावर केलेल्या छिद्राची) पिशवीही गेली, आणि तरी माणूस घराबाहेर पडायला कचरतो. कारण विचारलं तर ‘पोट जरा ठीक नाही’ एवढंच सांगतो. खरा त्रास वेगळा असतो. सकाळी शौचाला जाऊन हात धुवेपर्यंत पुन्हा लागल्यासारखं होतं, थोडंसंच होतं, आणि दहा मिनिटांनी परत तेच. तासाभरात चार-पाच फेऱ्या होतात, मग दुपारपर्यंत काही नाही. पचन बिघडलंय असं समजून घरचे पथ्य वाढवत राहतात. पण इथे दोष पचनाचा नसतो. शरीराचा साठवणारा आणि ओळखणारा एक अवयव गेलेला असतो.

तो अवयव म्हणजे गुदाशय, मोठ्या आतड्याचा शेवटचा 12 ते 15 सेंटिमीटरचा भाग. मल आत आला की त्याची भिंत ताणून सैलावते, त्यामुळे दाब फारसा वाढत नाही आणि आपण तास-दोन तास सहज थांबू शकतो. त्याचं दुसरं काम तर फारच सुंदर आहे. गुदाशयात काही उतरलं की गुदद्वाराचा आतला स्नायू क्षणभर ढिला पडतो आणि जे आलंय ते खालच्या संवेदनशील आवरणाला टेकतं. तो वायू आहे, पातळ मल आहे की घट्ट, हे तिथे ओळखलं जातं. तोवर बाहेरचा स्नायू दार मिटून धरतो. दिवसभरात हे कितीदा तरी घडतं, आपल्या नकळत. चारचौघांत वायू सोडावा की आवरावं, हे आपण या तपासणीच्या भरवशावरच ठरवतो.

ऑपरेशनमध्ये गुदाशयाचा बराचसा भाग काढून वरचं मोठं आतडं खाली ओढून जोडतात. या आतड्याला पुढे ढकलायची सवय, साठवून धरायची नाही. रेडिएशन झालं असेल तर उरलेल्या ऊती कडक होतात, नसांनाही इजा झालेली असू शकते. म्हणून घाई, तुकड्या-तुकड्यांनी होणं, वायू समजून मल निसटणं. याला ‘लो अँटिरिअर रिसेक्शन सिंड्रोम’, थोडक्यात ‘लार्स’ म्हणतात. तो मोजण्यासाठी डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2012 साली पाच प्रश्नांची 42 गुणांची पट्टी बनवली. दिवसातून किती वेळा जाता, या प्रश्नाला तिच्यात जास्तीत जास्त 5 गुण आहेत. तासाभरात पुन्हा जावं लागण्याला 11, आणि धावत सुटावं लागेल अशा घाईला 16. आयुष्य कशामुळे किती अडतं, यावरून हे गुण ठरले. म्हणून डॉक्टरांना नुसता फेऱ्यांचा आकडा सांगू नका. घाई किती असते आणि फेऱ्या लागोपाठ होतात का, तेही सांगा. 30 किंवा जास्त गुण म्हणजे तीव्र लार्स.

उजवीकडचं मोठं आतडं काढलेल्यांची गोष्ट वेगळी. लहान आतड्याचं शेवटचं टोक एरवी पित्ताम्लं शोषून परत यकृताकडे पाठवतं. ते टोकही गेलं असेल तर पित्ताम्लं मोठ्या आतड्यात उतरतात आणि पाण्यासारखे जुलाब होतात. त्यावर पित्ताम्लांना बांधून ठेवणारं कोलेस्टिरामीनसारखं औषध असतं, पण तशी शंका आधी कुणाला तरी यायला हवी.

बाहेर जायचंय म्हणून अनेक जण उपाशी राहतात. मला हे फार वाईट वाटतं, कारण त्याने साधत काहीच नाही. आपण खाल्लं नाही तरी पचनसंस्थेत पाचकरस पाझरतच असतात, आणि मग पातळ मल व वायूच हाती लागतो. पातळ मल अडवणं सर्वांत कठीण. जेवणानंतर मोठं आतडं जोरात हलतं, हे ध्यानात ठेवून बाहेर पडण्याआधी हलकं खावं आणि मोठं जेवण घरी असतानाच घ्यावं.

मल बांधून यावा म्हणून इसबगोल उपयोगी पडतं. थोड्या प्रमाणात सुरू करून पुरेशा पाण्यासोबत घ्यावं. लोपरामाइड आतड्याचा वेग कमी करतं, जेवणाच्या अर्धा तास आधी घेतलं तर अधिक उपयोगी पडतं. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी, आणि केमो चालू असेल, ताप किंवा रक्त असेल तर आपल्या मनाने मुळीच घेऊ नये. स्नायूंचा व्यायाम बसल्या जागी होतो: वायू अडवताना आवळतो तसं गुदद्वार आत आणि वर ओढायचं, काही सेकंद धरायचं, पूर्ण सैल सोडायचं. पोट आणि नितंब आवळले जात असतील तर चुकतंय. फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घेतलेलं बरं. यातून भागलं नाही तर कोमट पाण्याने आतडं धुण्याची पद्धत शिकवतात; ती जमली की लागोपाठच्या फेऱ्या बऱ्याच कमी होऊ शकतात. पुढे नसांना सौम्य विद्युतस्पंदनं देण्याचा उपाय आहे. काही जण विचार करून कायमचा स्टोमा निवडतात आणि त्यानंतर मोकळेपणाने हिंडूफिरू लागतात.

त्वचा जळजळत असेल तर पुसण्याऐवजी पाण्याने धुवा, टिपून कोरडी करा आणि झिंक ऑक्साइडचं मलम लावा.

पहिल्या वर्ष-दोन वर्षांत बहुतेकांचा त्रास कमी होत जातो, पण त्यासाठी तोवर गप्प सोसत बसायची गरज नाही. उपचार आधीही सुरू करता येतात. मात्र बसलेली घडी अचानक बदलली, मलातून रक्त गेलं, वजन घटू लागलं तर ‘ऑपरेशनमुळेच असेल’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. आणि पोट फुगून उलट्या होत असतील, वायूही सरत नसेल, तर आतडं अडकलेलं असू शकतं. त्याच वेळी हॉस्पिटल गाठा.