कंपवात

कंपवात अथवा पार्किन्सन्सचा आजार हा हळूहळू वाढत जाणारा मेंदूचा विकार आहे. मध्यमेंदूतल्या, डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होत जातात आणि हालचालींवरचे नियंत्रण ढासळते. तो बहुधा साठीच्या आसपास दिसू लागतो.

हात थरथरला की कंपवात, हा समज घट्ट रुजलेला आहे. प्रत्यक्षात निदानाचा पाया असतो हालचालींतला मंदपणा. त्याच्या जोडीला कंप किंवा ताठरपणा, दोहोंपैकी एक तरी असावे लागते. कित्येक रुग्णांना कंप नसतोच. सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो, अक्षर बारीक होत जाते, चालताना एकच हात झुलत नाही, चेहरा निर्विकार दिसतो. घरचे म्हणतात, ‘वय झालं आता’, आणि वर्ष-दोन वर्षे अशीच जातात. वास न येणे, बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणे वा हातपाय झाडणे ही लक्षणे तर त्याच्याही आधीची असू शकतात.

कंपवाताचा कंप बहुधा एका बाजूला सुरू होतो आणि हात मांडीवर स्वस्थ असताना दिसतो. पाण्याचा पेला ओठांशी नेताना दोन्ही हात थरथरत असतील, तर बहुतेक वेळा तो इसेन्शियल ट्रेमर हा वेगळा, अधिक आढळणारा विकार असतो.

निदान मुख्यतः रुग्णाला पाहूनच होते. एमआरआय काढतात तो इतर कारणे वगळण्यासाठी. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ मध्ये वर्णिलेल्या सहा रुग्णांपैकी काही तर त्यांना रस्त्यातच दिसले होते. निदान करताना डॉक्टरांनी रुग्णाच्या औषधांची पिशवीही उघडून बघावी. चक्करीवरचे सिनारिझिन, उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड, मनोविकारांवरचे हॅलोपेरिडॉल यांमुळे हुबेहूब अशीच लक्षणे उद्भवतात आणि वैद्यकीय सल्ल्याने औषध थांबवल्यावर ती बहुधा काही महिन्यांत ओसरतात. तरुण रुग्णात विल्सनचा आजार तपासायलाच हवा: त्यात शरीरात तांबे साठते, आणि तो उपचारांनी आटोक्यात येतो.

कंपवातावर मुख्य औषध लेव्होडोपा. मेंदूत त्याचे डोपामिन बनते. खाजकुयलीच्या बियांतही ते असते, मात्र चूर्णातले प्रमाण सारखे नसल्याने गोळ्यांसोबत परस्पर घेणे धोक्याचे. प्रथिनयुक्त जेवणाने औषधाचे शोषण घटते, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायला सांगतात. काही वर्षांनी दोन गोळ्यांमधल्या काळात असर उतरू लागतो, अंगाला अनैच्छिक हेलकावे येतात. निवडक रुग्णांत मग मेंदूत विजेचे सूक्ष्म स्पंद देणारे इलेक्ट्रोड (बारीक तारा) बसवतात. त्याने हालचाल सुधारते, पेशींचा ऱ्हास थांबत नाही.