अरुंद रस्त्यावर बसची वाट: कुरितिबा ते पणजी

पणजीत बससाठी वेगळ्या मार्गिकेचा विषय निघाला की पहिली हरकत रुंदीची येते. शहरातल्या ‘१८ जून’ नावाच्या रस्त्यावर जागाच कुठे आहे? हरकत रास्त आहे. पण बीआरटीचा, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेतून धावणाऱ्या जलद बससेवेचा, जन्मच अशा अडचणीतून झाला.

ब्राझीलमधल्या कुरितिबाच्या जुन्या आराखड्यात रुंद हमरस्ते होते. त्यासाठी खूप घरे पाडावी लागली असती. महापौर जैमे लेर्नेर यांच्या काळात १९७४ मध्ये बसमार्ग सुरू झाला तो वेगळ्या विचाराने: एका रस्त्याचे काम तीन समांतर रस्त्यांत वाटले. मधल्या रस्त्यावर बस आणि संथ स्थानिक वाहतूक, तर पलीकडच्या दोन रस्त्यांवर परस्परविरुद्ध दिशांची एकेरी वाहतूक. इक्वेडोरची राजधानी क्वितोने १९९५ मध्ये ट्रॉलीबस (वरच्या तारांवरून वीज घेणारी बस) आणली, तेव्हा जुन्या वस्तीत जाण्याचा आणि येण्याचा मार्ग वेगवेगळ्या गल्ल्यांतून काढला. पणजीसारख्या वसाहतकालीन शहराने पाहायचे ते क्वितोकडे. कोलंबियातल्या बोगोटाच्या २००० मधल्या ट्रान्समिलेनिओ या बीआरटीची क्षमता ओलांडमार्गिकांतून, म्हणजे थांब्यावरच्या बसला मागे टाकून पुढे जाण्याच्या जादा मार्गिकांतून येते. तेवढी रुंदी आपल्याकडे नाही.

भारतात सुरुवातीला मात्र असा विचार झाला नाही. पुण्यात २००६ च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्ग सुरू झाला, पण मार्गिकेत दुचाक्या शिरत राहिल्या आणि थांब्यापर्यंत पोहोचताना पादचाऱ्यांचे हाल झाले. दिल्लीतला ५.८ किमीचा मार्ग २००८ मध्ये आला. तिथे चौकातच थांबे होते, सिग्नलचे टप्पे वाढले आणि सगळेच खोळंबले. पुढे तो उखडला गेला. अहमदाबादने २००९ मध्ये मध्यभागी बंद स्थानके, उजव्या बाजूला दारे आणि बसच्या तळाच्या उंचीचा फलाट अशी पूर्ण व्यवस्था उभारली, म्हणून ती टिकली.

आता मापे पाहू. बसची रुंदी सुमारे २.६ मीटर, आरसे वेगळे. म्हणून मार्गिका ३.५ मीटरची हवी. संथ वेगात ३.३ चालते. दुहेरी मार्ग धरला तर दोन बसमार्गिका ७, फलाट ३, दोन्ही बाजूंना इतर वाहनांसाठी ६ आणि पदपथ ४, म्हणजे २० मीटर. तेच एकेरी केले तर बस ३.५, इतर वाहने ३.५ आणि पदपथ ४ असे ११ मीटरमध्ये भागते, फक्त रस्त्याकडेचे पार्किंग पूर्ण उठवावे लागते. मार्गिका डाव्या कडेने ठेवली की डाव्या दारांच्या सध्याच्या बसही चालतात.

पण कडेच्या मार्गिकेची दुखणी वेगळी आहेत. दुकानांचा माल उतरवायला सकाळची ठरावीक वेळ दिली नाही, तर टेम्पो तिथेच उभा राहतो. गटाराची झाकणे नेमकी बसच्या चाकाखाली येतात, म्हणून ती जड वाहनांचा भार पेलणारीच बसवावी लागतात. थांब्यावर ब्रेकच्या दाबाने डांबर लाटांसारखे दुमडते. तिथे काँक्रीटच हवे. १२ मीटर लांबीच्या बसला वळताना बाहेरून सुमारे १२ मीटर त्रिज्या लागते, म्हणून कोपऱ्यावर एक गाडी उभी असली तरी वळण अडते.

गोव्यात सर्वांत मोठा प्रश्न या मापांच्या पलीकडचा आहे. कदंब हे सरकारी परिवहन महामंडळ १९८० पासून आहे, तरी बहुतेक बस खासगी मालकांच्या आहेत आणि त्यांची कमाई तिकिटांवर चालते. प्रवासी भरेपर्यंत बस थांबून राहिली की ओलांडायला जागा नसलेल्या मार्गिकेत मागच्या सगळ्या बस अडकतात. बोगोटा, अहमदाबाद इथे बसचालक कंपन्यांना किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात, त्यामुळे थांब्यावर रेंगाळण्याचे कारणच उरत नाही. तो करार आधी व्हायला हवा, दुभाजकाचे दगड नंतर.