उलटं वाचलं की सगळ्या चुका सापडतात?

"मजकूर शेवटून उलटा वाचा, एकही चूक सुटणार नाही" हा फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतोय. अर्धा खराय. सरळ वाचताना पुढचा शब्द डोकंच भरून टाकतं, उलटं वाचलं की प्रत्येक शब्द सुटा दिसतो, म्हणून "सिध्देश्वर" मधला चुकीचा ध्द (हवा द्ध) लगेच खटकतो (आपल्या सोलापुरात अर्ध्या बॅनरवर हाच असतो, असो).

पण आता हे बघा, "गड्ड्याची यात्रा जानेवारीत भरतो" (गड्डा म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा). उलटं वाचा: भरतो, जानेवारीत, यात्रा, गड्ड्याची. चारही शब्द बरोबर, आणि चूक तशीच बसलेली, कारण यात्रा "भरते" हे सरळ वाचल्याशिवाय कळणारच नाही. "महाराष्ट्र दीन" पण तसंच, दीन म्हणजे गरीब, शब्द खराच आहे की. म्हणून आधी सरळ मोठ्यानं वाचायचं, मग स्पेलिंगपुरतं उलटं.