बूर-सगलेच्या वर्षीचे ग्रहण

आजच्या इराकमधील टायग्रिस नदीकाठच्या प्राचीन असिरियन राज्यात वर्षाला आकडा नसे. त्याला माणसाचे नाव असे. दरवर्षी राजा किंवा एखादा बडा अधिकारी ‘लिम्मू’ ठरे आणि त्या वर्षीचे करार, कर्जखते व लढाया त्याच्याच नावाने नोंदवल्या जात. आपल्या पंचांगातील संवत्सरांची नावे साठ वर्षांनी फिरून येतात. लिम्मूंच्या नावांना मात्र असे चक्र नव्हते, त्यामुळे कोणते वर्ष आधीचे आणि कोणते नंतरचे हे कळण्यासाठी याद्या जपणे भाग होते. लिम्मू निवडताना फासेही टाकले जात असावेत. तिसऱ्या शाल्मनेसर राजाच्या याहालू नावाच्या अधिकाऱ्याचा मातीचा फासा आज अमेरिकेतील येल विद्यापीठात आहे. आपला फासा वर यावा, अशी देवांची आळवणी त्यावर कोरलेली आहे.

मातीच्या पाट्यांवरील या याद्यांतून शेकडो नावांचा अखंड क्रम हाती आला, पण तो काळाच्या पट्टीवर कुठे ठेवायचा, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर एका ओळीत सापडले. गुझाना प्रांताचा अधिकारी बूर-सगले याच्या वर्षी अश्शुर नगरात बंड झाले आणि सिमानू महिन्यात सूर्याला ग्रहण लागले, एवढेच ती ओळ सांगते. असिरियन वर्ष वसंतात सुरू होई, सिमानू हा तिसरा महिना, महिने चांद्र आणि सूर्यग्रहण अमावस्येलाच होणार. त्यामुळे शोध मे-जूनमधील मोजक्या ग्रहणांपुरता उरतो. इ.स.पू. ७६३ मधील १५ जूनचे ग्रहण त्यात बसते. हे १८६७ मध्ये हेन्री रॉलिन्सन यांनी मांडले. तरुणपणी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईला आलेले हेच ते लष्करी अधिकारी.

मात्र हे गणित केवळ मागे मोजत जाण्याचे नाही. चंद्रामुळे येणाऱ्या भरतीओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे मंदावत आले आहे, आणि आजचा वेग गृहीत धरला तर त्या काळापर्यंत सुमारे सहा तासांची चूक साचते; सावली भलत्याच प्रदेशावर पडल्याचे दिसेल. शिवाय आसपासच्या दशकांतील इतर ग्रहणेही दावेदार होती. इ.स.पू. ७४७ पासूनच्या बाबिलोनी राजांची, प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीच्या नावे चालत आलेली यादी लिम्मूंच्या यादीशी जुळते, म्हणून ७६३ हे वर्ष पक्के मानले जाते. ग्रहण नुसते नोंदलेले असून भागत नाही. त्याला दुसरा साक्षीदार लागतो, असे मला वाटते.

एकदा ही खुंटी ठोकली की बाकीचे मोजता येते. बूर-सगलेच्या मागे नव्वद नावे गेल्यावर दायान-अश्शुरचे वर्ष येते, म्हणजे इ.स.पू. ८५३, त्या वर्षी सीरियातील कारकार येथे शाल्मनेसर बारा राजांच्या आघाडीशी लढला आणि त्याच्या शिलालेखात इस्राएलचा राजा अहाब याचे नाव आहे. बायबलमधील राजांच्या कालगणनेलाही त्यामुळे आधार मिळाला.

असिरियन राज्य इ.स.पू. ६१२ मध्ये राजधानी निनवे पडल्यावर लवकरच संपले. इराक, सीरिया, तुर्कस्तान, इराण आणि परदेशांत विखुरलेले, बहुतांशी ख्रिस्ती असलेले आणि अरामी भाषेची आधुनिक रूपे बोलणारे असिरियन लोक आजही १ एप्रिलला, नीसान महिन्याच्या पहिल्या दिवशी, नववर्ष साजरे करतात. त्यांच्या वर्षाला आता माणसाचे नाव नसते. विसाव्या शतकात रूढ झालेली ही गणना इ.स.पू. ४७५० पासून धरली जाते, आणि त्यानुसार २०२५ च्या एप्रिलमध्ये ६७७५ वे वर्ष सुरू झाले.