पागोळ्यांचं पाणी आणि दीडशे वर्षांपूर्वीचा हक्क

महाराष्ट्रातल्या शहरांत मोठी इमारत बांधायची तर छतावरचं पावसाचं पाणी साठवा किंवा जिरवा, अशी अट पडते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एखाद्या हॉटेलाने किंवा कारखान्याने पन्हळीखाली टाकी ठेवली, तर मात्र कायदा आडवा येतो. याचं मूळ सोन्याच्या खाणींत आहे.

१८५९ च्या सुमारास रॉकी पर्वतात सोनं शोधायला लोकांची झुंबड उडाली. पाणी थोडं आणि मागणारे फार. तेव्हा खाणवाल्यांनी आपसांत ठरवलं, की ज्याने आधी पाणी वळवून कामाला लावलं, त्याचा हक्क पहिला. १८७६ साली कोलोरॅडोला राज्याचा दर्जा मिळाला आणि हे तत्त्व घटनेतच आलं. १८७९ च्या दुष्काळात सेंट व्रेन नदीच्या काठच्या शेतकऱ्यांनी लेफ्ट हँड या पाटकंपनीचा बांध फोडला. आमच्या नदीचं पाणी दुसऱ्या खोऱ्यात का नेता, हे त्यांचं म्हणणं. १८८२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली. नदीकाठी जमीन असण्यापेक्षा पाणी आधी वापरलेलं असणं महत्त्वाचं ठरलं.

कोरड्या मुलखात ज्यांनी घाम गाळून पाट खणले, त्यांना या नियमाने खरोखर संरक्षण दिलं. मागाहून आलेल्या धनवानाला वरच्या अंगाला बसून पाणी अडवता येईना. अडचण झाली ती पुढच्या तर्काने. पाऊस शेवटी नदीलाच मिळतो, म्हणून छतावर पडलेला थेंबही आधीच कुणाच्या तरी नावावर लागला.

शेजारच्या युटा राज्यातही हेच तत्त्व. २००८ मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या एका मोटारविक्रेत्याला छतावरच्या पाण्याने गाड्या धुवायच्या होत्या. पाणीहक्काशिवाय तसं करता येणार नाही, असं राज्याने सांगितलं. अखेर शहराने आपल्या हक्काचा आधार देऊन वाट काढली. २०१० मध्ये युटाने कायदाच बदलला. नोंदणी केली की २,५०० गॅलन, म्हणजे साधारण साडेनऊ हजार लिटर पाणी साठवायला मोकळीक मिळाली.

कोलोरॅडोत डग्लस काउंटीतल्या पावसाचा २००७ मध्ये अभ्यास झाला. सरासरी वर्षात न बांधलेल्या जमिनीवरच्या पावसापैकी जेमतेम ३ टक्के पाणी ओढ्यापर्यंत पोचतं, बाकीचं झाडं आणि ऊन पिऊन टाकतात, असं त्यात दिसलं. सगळा वाद ज्या नुकसानीवर उभा होता, ते किती लहान आहे हे यातून कळलं. माझ्या मते दार खरं तर तेव्हाच पुरतं उघडायला हवं होतं. २००९ मध्ये ते किलकिलं झालं. विहिरीच्या परवान्यावर जगणाऱ्या काही ग्रामीण घरांना मुभा मिळाली आणि नव्या वसाहतींसाठी १० प्रायोगिक प्रकल्पांची तरतूद झाली. २०१६ मध्ये घरांना दोन पिंपं, मिळून ११० गॅलन, म्हणजे सुमारे ४१६ लिटर पाणी साठवता येऊ लागलं. तेही फक्त बागेसाठी, आणि जास्तीत जास्त चार बिऱ्हाडांच्या इमारतींना.

दुकानं, कार्यालयं, कारखाने बाहेरच राहिले. त्यांच्या विस्तीर्ण पार्किंगवरचं पाणी पूर टाळण्यासाठी तळ्यात अडवलं जातं, पण २०१५ च्या कायद्यानुसार नेहमीच्या पावसाचं ९७ टक्के पाणी ७२ तासांत सोडावं किंवा जिरवावं लागतं. त्यातली एक बादलीही आवारातल्या झाडांना घालायची परवानगी नाही. व्यावसायिकाला पावसाचं पाणी वापरायचंच असेल, तर जेवढं घेईन तेवढं दुसरीकडून नदीला परत देईन, अशी योजना त्याला पाणी-न्यायालयाकडून मंजूर करून घ्यावी लागते.